लॉनचे तुषार काढून ठिबक बसवायचे आहे: जुनी पाइपलाइन आणि पंप तसेच ठेवता येतील का?

वाफेकरी (नाशिक)

नमस्कार. आमच्या घरासमोर १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद लॉन आहे आणि त्याला लागून, कुंपणाच्या दोन भिंती धरून काटकोनात वळणारा, एकूण २० मीटर लांबीचा आणि १.२ मीटर रुंदीचा वाफा आहे. वाफ्यात गुलाब, जास्वंद, तगर आणि एक्झोरा आहेत, तर कोपऱ्यात एक लिंबाचे आणि एक चिकूचे झाड आहे. माती काळी आहे, पण ती मुरमावर फूट-सव्वा फूट भरून घेतलेली आहे. घर बांधले त्या वेळी माळ्याच्या सल्ल्याने जमिनीखालून एक इंची पीव्हीसी पाइप टाकून ९ पॉप-अप तुषार (पाणी सोडले की जमिनीतून वर उठणारी फवाऱ्याची डोकी) बसवले होते. त्यांना दोन वॉल्व्ह आहेत आणि खालच्या टाकीवरच्या एक अश्वशक्तीच्या पंपातून थेट पाणी दिले जाते. उन्हाळ्यात रोज सकाळी दोन्ही वॉल्व्ह पाळीपाळीने पंधरा-पंधरा मिनिटे चालवतो आणि तेवढ्यात टाकीतले सातशे लिटरांहून थोडे अधिक पाणी संपते, हे मी पातळी मोजून पाहिले आहे.

अडचणी तीन आहेत. एप्रिलनंतर आमच्या बोअरचे पाणी खाली जाते आणि एवढे पाणी बागेला देणे मनाला पटत नाही. वाफ्याकडचे तुषार कुंपणाच्या भिंतीवर इतके पाणी मारतात, की तिचा रंग पोपडे धरून निघाला आहे आणि खाली पांढरी खार फुटली आहे. तिसरे म्हणजे गुलाबाच्या पानांवरचे काळे ठिपके कोणत्याही फवारणीने पूर्ण जात नाहीत.

म्हणून सगळीकडे ठिबक करावे असा विचार आहे. पॉप-अपची डोकी काढून त्याच पाइपांवर ठिबकच्या नळ्या जोडता येतील का, हाच पंप चालेल का, आणि लॉनही ठिबकवर जगेल का, एवढे मला समजून घ्यायचे आहे. बोअरचे पाणी जड आहे. किटलीच्या तळाशी महिन्याभरात पांढरा थर जमतो, तेव्हा ड्रीपर, म्हणजे नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोट्या, बुजण्याची भीतीही आहे.

पाटकरी (सांगली)

आयुष्यभर शेतावरच्या ठिबक आणि तुषार संचांचे आराखडे केले असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर "नाही" असे आहे आणि ते एकदा मान्य केले की बाकीचे सोपे होते.

लॉनला पाणी प्रत्येक बोटभर जागेत सारखे पोहोचावे लागते. जमिनीवर अंथरलेल्या ठिबकने ड्रीपरभोवती हिरवी वर्तुळे आणि मध्ये पिवळी भगदाडे दिसू लागतात आणि गवत कापण्याच्या यंत्राखाली नळी सापडते ती वेगळीच. लॉन ठिबकवर करायचे तर इनलाइन नळी, म्हणजे आतच ड्रीपर बसवलेली नळी, १० ते १५ सेंटीमीटर खोल, दर ३०-४० सेंटीमीटरला एक ओळ अशी पुरावी लागते. तुमच्या ५० चौरस मीटरला ती साधारण १४० मीटर लागेल, म्हणजे सगळे लॉन उकरायचे आणि त्यानंतर गवताची मुळे ड्रीपरमध्ये शिरत नाहीत ना, याची काळजी कायमची मागे लावून घ्यायची. जमिनीखाली एखादा ड्रीपर बुजला तर तो गवत वाळल्यावरच कळतो. जड पाणी असलेल्या घरी मी हे कोणाला सुचवणार नाही. लॉनला तुषारच ठेवा आणि ते नीट चालवा. ठिबक वाफ्याला आणि झाडांना करा.

आता जुन्या पाइपचा प्रश्न. तो पाइपचा नसून वॉल्व्हचा आहे. तुमच्याकडे आहेत तसल्या फवाऱ्याच्या पॉप-अपमधून तासाला ३५ मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते, तर वाफ्यातल्या ठिबकने तासाला जेमतेम ८ मिलिमीटर पडेल. एकाच वॉल्व्हवर दोन्ही ठेवले आणि लॉनच्या हिशेबाने दहा मिनिटे चालवले, तर गुलाबांना घोटभरही मिळणार नाही. गुलाबांच्या हिशेबाने तासभर चालवले, तर लॉनची भातखाचरे होतील. म्हणून एकेक वॉल्व्ह उघडून त्यावर नेमकी कोणती डोकी उठतात ते आधी कागदावर लिहून काढा. डोके काढून तिथे ठिबक जोडावे, हे ज्या वॉल्व्हवर फक्त वाफ्याची डोकी आहेत तिथेच शक्य आहे.

पंपाबद्दल. पॉप-अपना दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २ किलो दाब लागतो, ठिबकला १ किलो पुरतो. त्याहून मोठा फरक प्रवाहात आहे. तुमच्या वाफ्यात नळीच्या दोन ओळी, दर ४० सेंटीमीटरला तासाला २ लिटर देणारा ड्रीपर, असे धरले तर ४० मीटर नळीत १०० ड्रीपर बसतात आणि ते सगळे मिळून तासाला २०० लिटर, म्हणजे मिनिटाला साडेतीन लिटरही घेत नाहीत. पंप मात्र मिनिटाला तीस-पस्तीस लिटर सहज फेकतो. त्याची वाट अशी अडवली की दाब चढतो आणि नळीचा कुठलातरी जॉइनर किंवा ग्रोमेट (जोडावरची रबरी चकती) सुटून, शक्यतो तुम्ही घरी नसताना, कारंजे उडते. पंपच वापरायचा तर जादा पाणी टाकीत परत नेणारी बायपास लाइन लागेल. माझ्या मते त्याची गरज नाही, कारण गच्चीवरची टाकी बहुधा तुमच्याकडे असणारच. टाकीचा तळ जमिनीपासून ८ मीटर उंच असेल, तर ०.८ किलो दाब फुकट मिळतो. फिल्टर आणि पाइपमध्ये थोडा गेला, तरी ०.७ उरतो. साध्या ड्रीपरमधून येणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणून २ लिटरचा ड्रीपर तिथे १.७ लिटरच्या आसपास देईल. ही तूट वेळ वाढवून भरून काढता येते. दाब कमी-जास्त झाला तरी सारखे पाणी देणारे महागडे ड्रीपर इतक्या कमी दाबावर नीट काम करतीलच असे नाही, तेव्हा दुकानदाराने आग्रह केला तरी ते घेऊ नका.

जास्वंदी (सातारा)

पाटकरींच्या हिशेबात मी भर घालू शकत नाही, पण हेच काम मी चार वर्षांपूर्वी घरच्या वाफ्यात केले आहे आणि त्यात केलेल्या चुका तुम्हाला उपयोगी पडतील.

पहिली चूक अशी, की मी प्रत्येक जास्वंदीच्या बुंध्याशी एकच ड्रीपर लावला. काळ्या मातीत ओल आडवी बरीच पसरते, पण खाली मुरूम असेल तिथे ती सरळ खाली उतरून जाते आणि तुमची माती दोन्ही प्रकारची आहे. बुंध्याशी सतत ओल राहिल्यामुळे माझ्या दोन झाडांची साल खालून कुजली आणि मुळे मात्र तहानलेलीच राहिली. आता बुंध्यापासून वीतभर अंतरावर दोन बाजूंना दोन ड्रीपर आहेत आणि झाडे सुधारली आहेत. चिकू आणि लिंबासाठी फांद्यांचा घेर जिथे संपतो, तिथे नळीचे कडे करून त्यावर सहा ड्रीपर लावा आणि झाड वाढेल तसे कडे बाहेर सरकवा. या दोन झाडांना स्वतंत्र नळ द्या, कारण त्यांना आठवड्यातून एकदोनदाच, पण पोटभर पाणी हवे असते आणि लिंबाला बहरापूर्वी ताण द्यायचा असेल तर तेवढाच नळ बंद ठेवता येतो.

जड पाण्याबद्दल तुमची भीती खरी आहे. पाणी बंद झाल्यावर ड्रीपरच्या तोंडाशी उरलेला थेंब सुकतो आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे बुजण्याची सुरुवात बाहेरच्या टोकाकडून होते. मी इनलाइन नळी घेतली नाही. साधी १६ मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे ड्रीपर नसलेली कोरी नळी, घेऊन तिला भोके पाडून बाहेरून लावायचे, उघडता येणारे ड्रीपर बसवले. दर दोन महिन्यांनी ते काढून रात्रभर सायट्रिक ॲसिडच्या, म्हणजे आपल्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात टाकते आणि सकाळी जुन्या दातांच्या ब्रशने घासते. शंभर ड्रीपर असतील तर हे काम नेटाचे आहे, पण एका रविवारी आटोपते. शेतकरी नळीतून हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतात ते मी पाहिले आहे. घरच्या बागेत, मुले-मांजरे फिरत असताना, मी ते धाडस केलेले नाही.

खारींचेही सांगते. पहिल्याच मे महिन्यात त्यांनी नळीला नऊ ठिकाणी दात लावले. त्यांना पाणी हवे असते आणि नळीतले पाणी त्यांना कळते. भिंतीवर पाण्याने भरलेले मातीचे पसरट भांडे ठेवायला लागल्यापासून हा त्रास जवळजवळ थांबला आहे आणि नळीवर पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यामुळे ती दिसतही नाही.

गुलाबांचे काळे ठिपके ठिबकनंतर खूप कमी झाले, कारण ते पानांवर तासन्‌तास राहणाऱ्या ओलीमुळेच फैलावतात. मात्र पाने कधीच धुतली जात नाहीत म्हणून उन्हाळ्यात धूळ बसून लाल कोळी वाढला. आता पंधरवड्यातून एकदा सकाळी लवकर, पाने दुपारपर्यंत वाळतील अशा बेताने, मी हातात पाइप धरून पानांची खालची बाजू धुते.

परसबाग_सॅन_होजे

मी मूळचा पुण्याचा, आता कॅलिफोर्नियात राहतो. तुम्ही विचारलेले काम इकडे इतके नेहमीचे आहे, की त्यासाठी तयार जोडसाहित्य मिळते. पॉप-अप उकरून काढायचा, त्याच्या खालच्या अर्ध्या इंची आट्यांवर गाळणी आणि दाब सुमारे ३० पीएसआय, म्हणजे २ किलोपर्यंत उतरवणारा नियामक असलेला एक ठोकळा बसवायचा, त्यातून ठिबकची नळी काढायची आणि त्या वॉल्व्हवरच्या बाकीच्या सगळ्या डोक्यांना टोप्या घालायच्या. इकडच्या ठिबकला तेवढा दाब चालतो. रस्त्यावरच्या नळाचा दाब त्याहून पुष्कळ जास्त असल्यामुळे इथे नियामकाशिवाय गत्यंतर नसते. तुमच्याकडे गच्चीवरची टाकी आहे, म्हणून तुम्हाला त्याची गरज पडणार नाही आणि हा ठोकळा मागवण्याच्या भरीस तुम्ही पडू नये.

पाटकरींनी सांगितलेला वॉल्व्हचा नियम मात्र इकडेही तसाच आहे. माझ्या आधीच्या घरमालकाने एकाच वॉल्व्हवर तीन पॉप-अप ठेवून एका डोक्याचे ठिबक केले होते आणि त्या ठिबकवरची लॅव्हेंडर मी घर घेतले तेव्हा वाळून काड्या झालेली होती.

तुमचा वाफा १.२ मीटर रुंद आहे, म्हणजे चार फूट. २०१५ च्या दुष्काळात गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपात करण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी नव्या बागांसाठीची राज्याची आदर्श नियमावली सुधारली गेली आणि दहा फुटांपेक्षा अरुंद पट्ट्यात पाणी जमिनीखालून किंवा बाहेर उडणार नाही, वाहून जाणार नाही अशा पद्धतीनेच द्यावे, अशी तरतूद तिच्यात आली. तुमच्या भिंतीचे पोपडे पाहिले, की या तरतुदीमागचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चार-साडेचार मीटर लांब पाणी फेकणारे डोके सव्वा मीटरच्या वाफ्यावर लावले, तर उरलेले पाणी भिंत पिते.

मी स्वतः शेवटी पुढचे लॉन काढूनच टाकले. गवतावर पुठ्ठे अंथरून त्यावर लाकडाचा भुसा टाकला आणि सहा-आठ महिन्यांनी त्यातच स्थानिक झुडपे लावली. हे सगळ्यांना पटेलच असे नाही, आमच्या घरातही ते एकमताने झाले नव्हते.

वाफेकरी (नाशिक)

सर्वांच्या उत्तरांनंतर रविवारी एकेक वॉल्व्ह उघडून पाहिला. फाटकाकडच्या वॉल्व्हवर लॉनची ३ डोकी आहेत, म्हणजे कोपऱ्यातली दोन आणि मधले एक अर्धवर्तुळाचे. दुसऱ्यावर लॉनची उरलेली तशीच ३ आणि वाफ्याची ३ अशी सहा आहेत. म्हणजे पाटकरी म्हणाले तीच गाठ माझ्या नशिबी आहे. प्रत्येक डोक्याखाली बादली धरून मोजले, तर कोपऱ्यातली डोकी मिनिटाला सुमारे साडेतीन लिटर आणि अर्धवर्तुळाची सात लिटर देतात. वाफ्याची तीनही अर्धवर्तुळाची आहेत. गच्चीवरची टाकी हजार लिटरची असून तिचा तळ जमिनीपासून ८ मीटरवर आहे.

यावरून दोन शंका येतात. वाफ्याची तीन डोकी बंद केल्यावर दुसऱ्या वॉल्व्हवर फक्त तीनच डोकी उरतील, तेव्हा त्यांचा दाब वाढून काही बिघडेल का? आणि ठिबकला नेमका किती वेळ द्यायचा? माळी म्हणतो, "रोज दोन तास सोडा." शेजारी म्हणतात, ठिबकला सरकारी अनुदान मिळते, तेही विचारून घेतो.

पाटकरी (सांगली)

अनुदानाचे आधी संपवू. ते शेतकऱ्यांसाठी आहे आणि अर्जाला सातबारा लागतो. घराच्या बागेला ते मिळत नाही.

तुमच्या बादलीच्या मापाने पूर्ण चित्र स्पष्ट झाले. फाटकाकडचा वॉल्व्ह मिनिटाला १४ लिटर घेतो आणि दुसरा ३५, म्हणून पंधरा-पंधरा मिनिटांत ७३५ लिटर जातात, तुमच्या टाकीच्या मापाशी हे जुळते. त्यातले ३१५ लिटर एकट्या वाफ्याच्या तीन डोक्यांतून जातात. वाफ्याला खरी गरज किती, ते पाहा. आपल्याकडे मे महिन्यात बाष्पीभवन पात्रातले पाणी दिवसाला ९ मिलिमीटरच्या आसपास उडते. उघड्या पात्रातून बागेपेक्षा जास्त पाणी उडते, म्हणून त्याला पात्राचा गुणांक ०.७ आणि झुडपांचा गुणांक ०.६ लावला, तर दिवसाला ३.८ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला ३.८ लिटर येतात आणि २४ चौरस मीटरच्या वाफ्याला साधारण ९० लिटर पुरतात. बाकीचे सव्वादोनशे लिटर आजवर भिंतीने आणि लॉनच्या कडेने घेतले. तुमची बचत तिथे आहे. लॉनची गरज त्याच हिशेबाने, गुणांक ०.८ धरून, दिवसाला २५० लिटर येते आणि ती ठिबक केल्याने कमी होणार नाही. ती कमी करायची असेल, तर सॅन होजेकरांचा मार्ग किंवा त्याचा अर्धा भाग स्वीकारावा लागेल.

वाफ्याच्या तीनही डोक्यांना टोप्या घाला आणि त्या जागी ठिबक जोडू नका. उरलेली लॉनची सहा डोकी दोन्ही वॉल्व्ह एकदम उघडून चालवा. ती मिनिटाला २८ लिटर घेतील, म्हणजे पंपाला सध्याच्या दोन पाळ्यांच्या मधले ओझे येईल आणि दाब वाढून पाण्याचे धुके होणार नाही. वेळ मात्र पंधरा मिनिटांवरून दहा-अकरा मिनिटांवर आणा आणि वारा सुटण्यापूर्वी, पहाटेच आटोपा. काळ्या मातीवर पाणी मुरण्याआधी वाहू लागले, तर तीच वेळ मध्ये अर्धा तास थांबून दोन हप्त्यांत द्या.

ठिबकसाठी गच्चीच्या टाकीला वेगळी एक इंची लाइन काढा आणि तिचे तोंड तळापासून चार बोटे वर ठेवा, म्हणजे गाळ येणार नाही. खाली १२० मेशचा फिल्टर, मग दोन बॉल वॉल्व्ह, एक वाफ्याला आणि एक चिकू-लिंबाला, अशी मांडणी पुरेशी आहे. ड्रीपर जास्वंदींनी सांगितलेले, उघडता येणारेच घ्या, तुमच्या पाण्याला तेच योग्य आहेत. दर ४० सेंटीमीटरचा हिशेब फक्त वेळ काढण्यापुरता आहे. प्रत्यक्षात ते झाडांच्या जागा पाहून लावा, एकूण संख्या शंभराच्या आसपास ठेवा आणि नळीचे टोक एंड कॅपने असे बंद करा की महिन्यातून एकदा ते उघडून गढूळ पाणी सोडून देता येईल. टायमर बसवायचा असेल, तर विजेवर चालणारे सोलेनॉइड वॉल्व्ह इतक्या कमी दाबावर अनेकदा नीट उघडत-मिटत नाहीत, तेव्हा मोटरने फिरणाऱ्या बॉल वॉल्व्हचा टायमर मागा.

वेळ अशी काढा. एक दिवसाआड पाणी द्यायचे तर वाफ्याला १८० लिटर हवेत. तुमच्या दाबावर शंभर ड्रीपर तासाला १७० लिटरच्या आसपास देतील, म्हणजे साधारण एक तास पाच मिनिटे. माळ्याचे रोज दोन तास म्हणजे गरजेच्या जवळजवळ चौपट पाणी, आणि ते मुरमातून खाली निघून जाईल. हिवाळ्यात याच्या निम्म्याने भागेल. पहिल्या आठवड्यात पाणी दिल्यावर चार-पाच तासांनी दोन ड्रीपरांच्या मध्ये खुरप्याने वीतभर खणून पाहा आणि ओल तिथपर्यंत जुळलेली नसेल तर वेळ न वाढवता मध्ये एक ड्रीपर वाढवा.

पावसाळ्याबाबत एक सूचना राहिली. जड पाण्यातले क्षार ठिबकने ओलीच्या कडेला ढकलले जातात आणि तिथे साचतात. मृगाचा पहिला हलका पाऊस त्यांना विरघळवून पुन्हा मुळांकडे आणतो, म्हणून पहिल्या दोन-तीन सरींच्या वेळी ठिबक बंद करण्याची घाई करू नका. चांगला पाऊस होऊन माती खोलवर भिजली, की मग चावी फिरवा आणि फिल्टर काढून धुऊन ठेवा.

वाफेकरी (नाशिक)

टोप्या आणि एक इंची पाइप आज आणला. ड्रीपर १०० ऐवजी ११० घेतले आहेत, दहा खारींच्या नावाचे. भिंतीवर ठेवायचे मातीचे भांडे आईने आधीच काढून दिले आहे. लॉनचा उत्तरेकडचा दोन मीटरचा पट्टा, जिथे भिंतीच्या सावलीत गवत तसेही विरळच असते, तो काढावा की ठेवावा यावर घरी अजून चर्चा चालू आहे.